भुऱ्याचा चट्टा

डाळीच्या पिठात साय आणि चिमूटभर हळद कालवून प्रेमिलाबाईंनी तो लेप भुऱ्याच्या पाठीवर चोळायला सुरुवात केली. अंगणातल्या नळाशी त्या पाय लांब करून बसल्या होत्या आणि कुत्रा त्यांच्या पायांवर आडवा होता. अंग आखडून, पण निमूट. शेपटीजवळ आल्यावर त्यांचा हात हलका झाला. तिथले केस गेले होते, कातडी लालबुंद दिसत होती.

कुंपणापलीकडे शेजारची कामिनी कपडे वाळत घालत होती.

“मावशी, हळद लावून राहिल्या काय नवरदेवाले? वरात कधी हाय?”

“तू नाचशील तर उद्याच काढते.”

लेकीला, मेघाला त्यांनी असंच न्हाऊ घातलं होतं. पायांवर पालथं घेऊन, हातापायांच्या वळ्यांतून बोट फिरवत, मग शेगडीवर ओव्याची धुरी. लेकरू चोळाल तितकं गाढ झोपतं, असं सासू म्हणायची, आणि ते खरंच होतं. त्या वासाची मेघा पदरात गुंडाळून घेतली की प्रताप नगरातलं हे घर कसं भरल्यासारखं वाटायचं. मेघा नोकरीला बंगळूरला गेली तेव्हा रस्त्यावरून उचलून आणलेला आपला कुत्रा आईपाशी ठेवून गेली. आता घरात ही दोघंच.

चट्टा दिसल्यापासून प्रेमिलाबाई भुऱ्याला एक दिवसाआड न्हाऊ घालत होत्या. खाज वाढतच चालली, तेव्हा त्या त्याला रिक्षात घालून धरमपेठेत जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर अनिशनी केस फाकवून मुळाशी अडकलेला पिवळा कण नखावर घेतला. काय लावता, किती वेळा, सगळं विचारलं. प्रेमिलाबाईंनी थोड्या अभिमानानंच सांगितलं.

“आजी, लेकराची कातडी वेगळी, याची वेगळी. पीठ केसांत राहते, ओल राहते, अन् याच्या अंगचं तेल धुऊन जाते. याले तुमची आंघोळच बाधून राहिली.”

महिनाभर पाणी नाही. कोरडा कंगवा आणि गोळ्या. प्रेमिलाबाईंनी मान हलवली. परतताना रिक्षात त्यांनी आपले पिवळट हात पदराखाली झाकून घेतले होते.

मेघाला त्यांनी आंघोळीचं सांगितलं नाही, औषध चालू आहे एवढंच सांगितलं. पूर्वी तिचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, गोळी घेतली का, ठेवते. चट्टा झाल्यापासून मात्र तो रोज संध्याकाळी यायचा. आधी भुऱ्याची खाज, त्याची भूक; मग ती आपली पुढे बोलत राहायची. घरमालकीण पाण्यावरून कटकट करते. ज्वारीची भाकर थापता थापता तुटते. एकदा भाकरीचं पीठ कसं मळायचं हे सांगता सांगता इकडे प्रेमिलाबाईंचा भात लागला होता, आणि त्यांनी तो करपलेला भात आनंदानं खाल्ला होता. फोनची वेळ झाली की त्या तोंड धुऊन, केस विंचरून बसत.

सकाळचे हात मात्र रिकामे झाले. भुऱ्या कंगव्यापुढे खुशाल पसरायचा. हळूहळू लाली ओसरली. मग एका सकाळी कंगवा पाठीवरून शेपटीपर्यंत सरळ गेला, कुठेच अडखळला नाही. प्रेमिलाबाईंनी चष्मा लावला. बारीक, मऊ, नवे केस. त्यांनी ते बोटानं उलटे केले, पुन्हा बसवले.

“बरा झाला गा तू,” त्या म्हणाल्या आणि कंगवा हातात धरून तशाच बसून राहिल्या.

संध्याकाळी फोन वाजला.

“आई, पाठ कशी आहे वं त्याची?”

प्रेमिलाबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“चांगली आहे. केस आले.”

“खरंच? सुटले बाप्पा. कामात लक्षच लागत नव्हतं माझं.” मेघाचा आवाज एकदम मोकळा झाला. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. “बरं आई, तू पण आराम कर आता. रविवारी करते मग, निवांत.”

“मेघा,” त्या म्हणाल्या.

“हं?”

“आज जरा कान खाजवून राहिला तो.”

“कान?” हाक मारणाऱ्याला मेघानं थांबायला सांगितलं. “कोणता कान?”

उंबऱ्यापाशी भुऱ्या गाढ झोपला होता, दोन्ही कान फरशीवर सैल पसरून. प्रेमिलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“डावा,” त्या म्हणाल्या.