माझी मिशी तात्यांची आहे

एसटीची वाट बघणारी माणसं माझ्या चौथऱ्यावर बसतात, शेंगा खातात, टरफलं तिथंच टाकतात आणि गावातल्या सगळ्या गोष्टी मला ऐकवतात. दीड वर्ष मी नुसता ऐकतोय. आज गाडी उशिरा आहे आणि फाट्यावर अजून कुणी नाही, म्हणून जरा मी बोलतो.

मी विंझरच्या अलीकडच्या फाट्यावरचा पुतळा. पुतळा म्हणजे अर्धाच. छातीखाली मला काही नाही आणि हात तर मुळीच नाहीत. त्यामुळे डोक्यावर कावळा बसला तर त्याला हाकलायची सोय नाही. तो रोज बसतो.

माझ्याखाली पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, शहीद जवान हनुमंत, वय तेवीस. हनुमंत कारगिलच्या लढाईत गेला. पाटी खरी आहे, पण माझं तोंड हनुमंताचं नाही. यात माझा काही दोष नाही, हे आधी सांगून ठेवतो.

लढाईला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावातल्या तरुण मंडळाने पुतळा करायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष सार्थक. तो जन्मला तेव्हा हनुमंत जाऊन पाच वर्षं झाली होती. पोरगा मनाने चांगला, पण उत्साह फार. भोरला गणपती करणारे गोरख मूर्तिकार आहेत, त्यांच्याकडे तो फोटो घेऊन गेला. फोटो भरतीच्या अर्जावरचा, टपालाच्या तिकिटाएवढा. वर गोल शिक्का, आणि तो नेमका नाकाखाली. नाक आणि हनुवटी यांच्यामध्ये काय आहे ते फक्त सरकारला माहीत.

"दुसरा फोटो न्हाई का?" गोरख म्हणाले.

"त्येंच्या घरी भितीवर एक हाय. पण पावसानं ओल शिरून त्यात नुसती टोपी आन् कॉलर ऱ्हायलीय."

"मग आईला इचारा की."

"छ्या! त्या आजीलाच तर सरप्राईज द्यायचंय."

"बरं, मिशी हुती का?"

"फौजी म्हटल्यावर असणारच की!"

"केवढी?"

सार्थकने दोन्ही हातांनी दाखवली. ती हातांतच मावेना.

गोरख म्हणाले, "रक्ताचं कुणी असलं तर आणून बसवा. हाडाची ठेवण कळंल." मग हनुमंताचे सख्खे चुलते, सावळाराम तात्या, यांना आणलं. तीन दिवस तात्या स्टुलावर, अर्धवट गणपतींच्या रांगेत बसले. गोरखनी त्यांचं कपाळ घेतलं, गाल घेतले, नाक घेतलं. मिशी मात्र तात्या घरी गेल्यावर लावली. गोरखच्या डोळ्यांसमोर तीन दिवस एकच मिशी होती, तीच त्यांनी मला दिली. टोकाला पीळ असलेली, पालखीच्या दांडीसारखी. कान तेवढे अंमळ मोठे झाले. चाळीस वर्षं गणपती करणाऱ्या हाताला लहान कान जमत नाहीत.

आता सारजाबाईंचं सांगतो. सारजाबाई म्हणजे हनुमंताची आई, आणि सावळाराम तात्यांच्या धाकट्या भावाची, गेनबाची, बायको. गेनबा लवकर गेले. हनुमंताला तात्यांनीच वाढवला, तात्यांनीच माळावर पळायला शिकवला. एक दिवस तात्या त्यांना म्हणाले, "नसरापूरच्या बाजाराला जातो, बैल बघायला. हनमंताला बी नेतो." याच फाट्यावरून दोघं एसटीत बसले. नसरापूर आलं आणि गेलं, ते उतरले थेट पुण्याला, भरतीच्या मैदानावर. रात्री परत आले ते बैल न आणता, पोरगं फौजेत पाठवायचं ठरवून.

चार वर्षांनी पेटी आली. बरोबरच्या जवानांनी हात जोडून सांगितलं, उघडू नका. सारजाबाईंना पोराचं तोंड बघायला मिळालं नाही.

बाप नाही तेव्हा अग्नी द्यायचा चुलत्याने. तात्या पुढे झाले. सारजाबाई सगळ्या गावासमोर म्हणाल्या, "बाजाराला म्हणून नेला माजा पोरगा. त्या हातानं अग्नी न्हाई द्यायचा." अग्नी त्यांच्या भावाने दिला, आणि दहाव्याला मिशीही त्यानेच उतरवली. तात्या नदीकाठी लांब उभे राहिले, मिशीसकट. लोक म्हणाले, बघा, कसा ताठ आहे.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पण घरं भिंतीला भिंत लावून, अंगण एक. तेव्हा निरोप तात्यांच्या बायकोमार्फत, रतनबाईंमार्फत जायचे. रतनबाई मध्ये, हे दोघं दोन हातांवर.

"आक्का, थोरल्यास्नी सांगा, त्यांची कोंबडी माज्या भाताच्या तरव्यात शिरलीया."

"रतन, तिला सांग, कोंबडी तिचीच हाय."

"दोगांचं बी कान शाबूत हायती," रतनबाई म्हणायच्या. "मला कशाला पोस्टमन करताय? पोस्टमनला पगार तरी असतोय."

पंचवीस वर्षं ही नोकरी त्यांनी बिनपगारी केली.

माझ्यावरचा पडदा काढायचा दिवस आला. पाहुणे म्हणून निवृत्त सुभेदार आले होते. सारजाबाई नवं लुगडं नेसून, हातात हार घेऊन सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. त्या आदल्या दिवशी रतनबाईंना म्हणाल्या होत्या, "आक्का, पेटी उगडू दिली न्हाई. आता एकदा तोंड बघंन." हे मला नंतर कळलं. आधी कळतं तर मी पडद्याला आतून धरून ठेवलं असतं. पण हात कुठं आहेत?

पडदा पडला. सारजाबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा हात झटकन डोक्यावर गेला. पदर पार कपाळापर्यंत आला. मान खाली. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. थोरल्या दिरासमोर पदर घ्यायचा, ही त्या हाताला पन्नास वर्षांची सवय. राग असो, लोभ असो, हात चुकत नाही.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आरं, हे तर आपलं सावळातात्या!"

सुभेदारांनी मला सलाम ठोकला होता. हात खाली घेताना त्यांना पहिल्या रांगेत तात्या दिसले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तात्यांकडे, आणि गोंधळून तात्यांनाही सलाम ठोकला. पोरं हसली. तात्या उठून चालू लागले. सारजाबाईंनी हार चौथऱ्यावर ठेवला आणि पदरातूनच म्हणाल्या, "माज्या पोराला कवा मिशी हुती रं?"

सार्थकचं सरप्राईज असं झालं.

त्यानंतर सारजाबाई रोज येऊ लागल्या. पोराशी बोलायला पंचवीस वर्षांनी एक जागा मिळाली होती. पण समोर उभं राहिलं की हात पदराकडे जायचा. "आपल्या लेकराम्होरं पदर घेऊ व्हय मी?" असं म्हणून त्या चिडायच्या. शेवटी त्यांनी तोड काढली. त्या माझ्या मागे येऊन बसायच्या.

"मागनं बरा दिसतोस," त्या माझ्या मानेला म्हणायच्या. मग भात कसा आलाय, म्हैस किती दूध देते, रतनबाईंचे गुडघे कसे आहेत, सगळं सांगायच्या. एसटीतली माणसं खिडकीतून बघायची, ही बाई पुतळ्याच्या पाठीशी काय भांडतेय. मला फार वाटायचं की मागे वळावं. पण वळून तरी काय उपयोग? पुढे ती मिशी.

सार्थकला वाईट वाटलं. तो कटरमशीन घेऊन आला. माझ्या नाकासमोर ते चाक गरगर फिरलं तेव्हा माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही, मी फौजीचा पुतळा आहे. नशिबाने गोरखना त्याने फोन लावला होता. ते मोबाईलवरून ओरडले, "आरं थांब! फायबर आतनं पोकळ हाय. मिशी काढलीस तर भोक पडंल!"

सार्थकने मशीन बंद केलं. सारजाबाई माझ्या मागेच बसल्या होत्या, शेजारी रतनबाई. "ऱ्हाऊ दे बाबा," त्या म्हणाल्या. "मिशीपरास भोक वंगाळ. माज्या नशिबात त्याचं तोंड न्हाई, दुसरं काय."

हे रतनबाईंनी घरी जाऊन तात्यांना सांगितलं. या वेळी निरोप म्हणून नाही, आपणहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या फाट्यावर आले. माझ्यासमोर रस्त्यापलीकडे दगडूचं केशकर्तनालय आहे, एक खुर्ची आणि एक आरसा. तात्या खुर्चीत बसले. "मिशी उतरव," म्हणाले.

दगडूच्या हातातला ब्रश तिथंच थांबला. "तात्या, कोण गेलं? मला कुणी कळवलं न्हाई."

"हनमंता."

"हनमंता? अवो, त्याला तर पंचवीस वर्षं..."

"ऱ्हायलं हुतं माजं," तात्या म्हणाले. "चालव वस्तरा."

रेडिओ लागला होता, तो दगडूने बंद केला.

काम झाल्यावर तात्या रस्ता ओलांडून माझ्या चौथऱ्यावर येऊन बसले. तोंडावर हात धरून, नव्या नवरीसारखे. घरी जायची लाज वाटत असावी. तेवढ्यात सारजाबाई पिशवी घेऊन आल्या. त्यांना वेल्ह्याला जायचं होतं.

"वेल्ह्याची गेली का वो?" त्यांनी सरळ विचारलं.

पदर घेतला नाही. त्यांनी ओळखलंच नव्हतं.

तात्यांनी हात खाली घेतला. वरचा ओठ आखूड, आणि त्याखालून पुढचे दोन दात बाहेर डोकावणारे. सोळाव्या वर्षी तात्यांनी मिशी वाढवली होती ती हेच दात झाकायला. त्यानंतर ते कुणीच बघितले नव्हते.

सारजाबाईंचा हात पदराकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"भावजी?"

पंचवीस वर्षांतली ती पहिली हाक. मी ती माझ्या फायबरच्या कानांनी ऐकली. मोठे आहेत ते बरं झालं.

"मला वाटायचं हनमंताचा ओठ माज्या म्हायेरचा," त्या हळू म्हणाल्या. "ह्यो तर हितला निगाला." आणि मग म्हणाल्या, "हसा बगू."

"आं?"

"हसा म्हणते."

तात्यांनी प्रयत्न केला. फोटोवाल्याने सांगितल्यावर माणूस हसतो तसं ते झालं, रडल्यासारखं. तेवढ्यात मागून रतनबाई आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बया! ह्यो कोण उंदीर येऊन बसलाय? पन्नास-पंचावन वर्षं माज्यापासनं लपवून ठिवलं ह्यांनी!"

तात्या खरंच हसले. दोन्ही दात, वर गेलेला ओठ, बारीक झालेले डोळे. सारजाबाई जवळ गेल्या आणि बघत राहिल्या. इतकं जवळून कुणी कुणाकडे बघत नाही. तात्यांचं हसू थांबायला लागलं तशा त्या म्हणाल्या, "थांबू नगा." ते बिचारे हसत राहिले, आणि हसता हसता त्यांच्या गालावरून पाणी ओघळून त्या नव्या उघड्या ओठावर आलं.

"खोटं बोललो तुज्याशी," ते म्हणाले. "बाजाराला म्हणून मीच नेला त्याला."

"ठावं हाय. त्यानं पयल्याच पत्रात लिवलं हुतं. आई, तात्यांवर रागावू नगो, म्याच हट्ट धरला."

तात्या बघतच राहिले. "मग पंचवीस वर्षं?"

"कुणावर तरी धरायचा हुता की राग," सारजाबाई म्हणाल्या. "सरकारवर धरून कुठं पुरतोय? त्ये लांब. तुमी भितीपल्याड. जवळ पडत हुता." मग नाक पुसून म्हणाल्या, "तुमचा मान हुता अग्नीचा. म्या दिला न्हाई. लई चुकलं माजं."

"झालं ते," तात्या म्हणाले. "आज उतरवली की."

वेल्ह्याची गाडी आली. कंडक्टरने तीनदा घंटी मारली. तिघांतलं कुणी उठलं नाही. गाडी गेली.

सार्थक आता नवा पुतळा करू म्हणतोय, बिनमिशीचा. सारजाबाई म्हणाल्या, "नगं. ह्यो बी बिचारा ऊनपाऊस खातोय. असू दे." आता त्या माझ्यासमोर येऊन बसतात. पदर नाही, काही नाही. "काय रं मिशाळ्या," म्हणतात आणि टरफलं झाडून काढतात. मी कुणासारखाच दिसत नाही आता. तात्यांसारखा नाही, हनुमंतासारखा तर कधीच नव्हतो. तात्यांना मिशी परत ठेवायची होती. दोघी जावांनी बंदी घातली. दर आठ दिवसांनी ते कुरकुरत दगडूकडे जातात.

माझं एक मागणं आहे. या फाट्यावर आलात तर बसा, शेंगा खा, टरफलंही टाका. पण भिंतीपल्याडच्या कुणावर राग धरला असेल तर त्याचं तोंड एकदा नीट बघून घ्या. आपलं हरवलेलं माणूस कुणाच्या मिशीखाली असेल, सांगता येत नाही.

थांबा, आज बाजार आहे. तिघं येतायत आणि वळणावर गाडीही दिसतेय. गाडी थांबली. रतनबाई आधी चढल्या. सारजाबाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि मागे न बघता म्हणाल्या,

"आक्का, थोरल्यास्नी सांगा, बाजाराला नेताय खरं, संध्याकाळी परत आणा म्हंजी झालं."

तात्यांचे दोन दात बाहेर आले.

"रतन, तिला सांग, आणतो."