न आवळलेला बोल्ट

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. शिंदखेड्याच्या प्रकाशचंद शेठांच्या आठ आसनी गाडीखाली माझे घर आहे. मित्रांनो, मला मान असती तर हे सांगताना ती खाली गेली असती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादी दातेरी चक्रे एकमेकांत बसवून मला कवचात बंद केले, ऑइल भरले आणि गाडीला जोडले. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवायची हे माझे काम. चढ आला की जोर द्यायचा, सपाट रस्ता आला की वेग द्यायचा. अकरा वर्षे मी हे काम केले. शेठांचे बी-बियाण्यांचे दुकान आहे. त्यांची पोती मी वाहिली, त्यांच्या घरच्या लग्नांची वऱ्हाडे मी नेली.

गाडी चालवायचे झुलालआबा. साठी उलटलेली, डावा गुडघा दुखरा, पण गिअर असा टाकायचे की मागे बसलेल्याला कळतही नसे. "मशीनले दुखाडू नही," असे ते आपल्या अहिराणीत म्हणायचे. गावात लोक म्हणत, शेठांच्या गाडीचा गिअरबॉक्स कधी उघडावा लागला नाही. ते ऐकून मी फुगून जात असे. खरे तर ती स्तुती आबांच्या हाताची होती.

मागच्या चैत्रात आबांनी मला ऑइल बदलायला सुकदेवच्या गॅरेजमध्ये नेले. सुकदेव चांगला कारागीर. त्याने माझ्या बुडाचा बोल्ट काढला, काळे झालेले ऑइल सांडू दिले, बोल्ट हाताने फिरवून लावला आणि बाजूच्या भोकातून नवे ऑइल भरले. आता पाना घेऊन खालचा बोल्ट आवळायचा, एवढेच उरले होते. तेवढ्यात एक ट्रॅक्टर दारातच बंद पडला आणि मालक हाका मारू लागला. सुकदेव उठून गेला. परत आला तेव्हा त्याला वाटले, काम झाले आहे.

पंधरा दिवस तो बोल्ट थरथरत राहिला. मला कळत होते. पण मी काय करू शकत होतो?

एका सकाळी जामनेरहून फोन आला. शेठांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आई मोहनबाई यांची थोरली बहीण तिथे अंथरुणाला खिळली होती. ती "मोहन कुठं आहे" असे विचारत होती. आबांनी ताबडतोब गाडी काढली. धुळे गेले, पारोळा गेला. एरंडोलच्या अलीकडे कुठेतरी बोल्ट गळून पडला. ऑइल रस्त्यावर सांडत गेले. माझी चक्रे कोरडी पडली, तापली आणि मी घरघरू लागलो. आबांनी ती घरघर ऐकली. थांबावे की न थांबावे, अशी त्यांची घालमेल झाली. पण मागे बसलेल्या मोहनबाई घड्याळ बघत होत्या. आबा थांबले नाहीत. एरंडोल ओलांडून थोडे पुढे गेलो आणि माझे दात तुटले. मी जाम झालो.

भर उन्हात दोन तास. आबांनी मोहनबाईंच्या डोक्यावर छत्री धरली आणि येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांना हात केला. शेवटी एक गाडी थांबली आणि त्यांना जामनेरला घेऊन गेली. त्या पोहोचल्या तेव्हा बहीण अर्ध्या तासापूर्वीच गेली होती.

मला ओढत शिंदखेड्याला आणले. सुकदेवने मला खाली उतरवले आणि माझ्या बुडाचे रिकामे भोक पाहिले.  मग त्याने डब्यातून दुसरा बोल्ट काढला आणि त्या भोकात पक्का आवळला.

संध्याकाळी शेठ आले. "काय झालं?"

"गिअर रेटून टाकले, शेठ," सुकदेव म्हणाला. "वय झालं आबांचं."

त्याने माझे तुटलेले दात पुरावा म्हणून समोर धरले. आबा दारातच उभे होते. त्यांनी किल्ली मडगार्डवर ठेवली आणि चालू लागले. मित्रांनो, ज्या हातांनी मला अकरा वर्षे जपले, त्यांच्याच विरुद्ध माझे दात साक्ष देत होते.

सुटे भाग यायला वेळ लागला. मी गॅरेजच्या टेबलावर उघडा पडून होतो. सुकदेव माझ्याकडे पाठ करून काम करायचा.

बाविसाव्या दिवशी आबा आले. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्यावर वाकले.

"सुकदेव, मनं काय चुकनं ते माले दखाड," ते म्हणाले. "पायमा जोर नही शे आते. माले समजी ऱ्हायनं नही. दुसरानी गाडी चालाडी तर तीबी मोडसू मी."

 सुकदेवने पाना उचलला, माझ्या बुडाचा बोल्ट सोडवला आणि आबांच्या तळहातावर ठेवला.

"आबा, हाऊ बोल्ट मी नंतर बसाडा. पहिला मी आवळाच नव्हता. बठ्ठी चूक मनी शे."

आबांनी तो बोल्ट उलटसुलट करून पाहिला. "शेठले सांग," एवढेच ते म्हणाले.

सुकदेवने फोन केला. शेठ आले, सोबत मोहनबाईही आल्या. सुकदेवने सगळे पुन्हा सांगितले, न अडखळता. शेठांचा चेहरा लाल झाला, पण आधी मोहनबाई बोलल्या, तेही आबांशी.

"झुलाल, तू माझ्यावर छत्री धरून उभा होतास. आणि तुझं ऐकून न घेता मी तुला काम सोडून जाऊ दिलं."

मग त्या सुकदेवकडे वळल्या. "विसरणं एका मिनिटाचं होतं, बाबा. गप्प बसणं बावीस दिवसांचं."

"गाडी धुळ्याला नेतो," शेठ म्हणाले. "याच्याकडे नको."

"नही, शेठ," आबा म्हणाले. "सुकदेवच करंल. आते तो इसरणार नही."

सुटे भाग आल्यावर सुकदेवने मला पुन्हा जुळवून गाडीला जोडले. शेवटी खालचा बोल्ट आवळला आणि पाना आबांच्या हातात दिला. दुखरा गुडघा सांभाळत आबा गाडीखाली आले आणि त्यांनी स्वतः तो आवळून पाहिला. सुकदेव बाजूला उभा होता, नजर जमिनीवर.

मी आता पुन्हा धावतो. आबाच चालवतात. पण ज्या बाईला मी वेळेवर पोहोचवू शकलो नाही ती मागे बसली की मला माझ्या नव्या दातांचीही लाज वाटते.

मित्रांनो, गाडी निघण्याआधी एकदा खाली वाकून पाहा. जमिनीवर ऑइलचा डाग दिसला, चक्रांची घरघर ऐकू आली, तर थांबा. आणि तुमच्या हातून काही सुटले असेल तर ते त्याच दिवशी सांगा. यंत्राचे तुटलेले दात बदलता येतात. जामनेरच्या त्या घरात कुणीतरी शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. तो वेळ कोणत्याही गॅरेजमध्ये मिळत नाही.