चुकीचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. एका साप्ताहिकाच्या कचेरीत टाइप होणारे लेख संकेतस्थळावर मांडायचे, हे माझं काम. मला हात नाहीत, तोंड नाही. म्हणूनच दोष द्यायला मी फार सोयीचा.

मला घडवणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे ताई म्हणत. यंत्राला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. म्हणून ताईंनी मला एक तक्ता दिला: अमुक आकडा म्हणजे क, तमुक म्हणजे वेलांटी. ‘दऱ्या’ लिहिल्यावर माझ्याकडून चुकूनही ‘दर्या’ होऊ नये, यासाठी त्या जेवणाचा डबा तसाच ठेवून बसल्या होत्या. तेव्हा माझं फार कौतुक झालं. चार दिवस.

मग मी वर्षानुवर्षं मुकाट्याने राबलो. माझ्यातलं सर्वांत जास्त वाचलं जाणारं सदर एका परिचारिकेचं होतं. रुग्णालयातली पाळी संपली की सुजलेले पाय बादलीत सोडून ती थेट माझ्यातच टाइप करायची. वॉर्डातल्या कुरबुरी, घरच्या गमती, आणि स्वतःच्या मुलीबद्दल पुष्कळ काही. छापील अंक तोवर बंद पडला होता, त्यामुळे तिचे शब्द फक्त माझ्याजवळ होते. पुढे ती वारली. सदर थांबलं, पण लेख माझ्याकडे सुखरूप होते.

नंतर नवे व्यवस्थापक आले. साहेबांनी मला नव्या यंत्रावर हलवलं आणि जुनं यंत्र लगोलग भंगारात दिलं. अक्षरांचा तक्ता कोणता, असं नव्या यंत्राने विचारलं, तर साहेबांनी दिसला तो पहिलाच निवडला. झालं! पडद्यावर मराठीच्या जागी परक्या अक्षरांचा कचरा दिसू लागला. साहेबांनी घाबरून ताईंना फोन लावला.

“काही गेलेलं नाही,” ताई म्हणाल्या. “चुकीचा चष्मा लागलाय, एवढंच. मी उद्या सकाळी येते. तोवर कशालाच हात लावू नका.”

“अहो, पण इकडे मालकांचे फोन येतायत मला!”

“येऊ देत. तुम्ही तेवढं सेव्ह दाबू नका.”

साहेबांना धीर कुठला? त्यांनी स्वतःच दुरुस्ती आरंभली. ज्या तक्त्यात मराठीच नाही, अशा तक्त्यात सगळे लेख पुन्हा सेव्ह केले. ज्या अक्षराला जागा नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं, हा त्या तक्त्याचा नियम. कचऱ्यामागे अक्षरं शाबूत होती. प्रश्नचिन्हामागे काहीच नसतं. रोग परवडला पण औषध नको, म्हणतात ते हेच.

बैठकीत साहेब म्हणाले, “प्रोग्रामच जुनाट होता हो!” सगळ्यांनी माना डोलावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मग एका दुपारी त्या परिचारिकेची मुलगी कचेरीत आली. कडेवर तिची स्वतःची लेक होती.

“आई लिहायची तेव्हा मी कधी वाचलंच नाही,” ती नुकसान पाहायला आलेल्या ताईंना म्हणाली. “म्हटलं, कुठे पळून जातंय? वाचू कधीतरी.”

साहेबांनी पडदा तिच्याकडे वळवला आणि चहा सांगण्याच्या निमित्ताने ते बाहेर सटकले. पडद्यावर ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. मोकळ्या जागा, स्वल्पविराम आणि पूर्णविराम तेवढे वाचले होते, कारण त्यांना त्या तक्त्यात जागा होती. मुलगी एकेका चिन्हावर बोट ठेवत गेली.

“इथे दोनच आहेत. हे ‘आई’ असेल का हो, ताई?”

“असेल,” ताई म्हणाल्या. ‘घर’ लिहायलाही दोनच चिन्हं लागतात आणि ‘मी’ लिहायलाही (एक म, एक वेलांटी), हे त्यांना ठाऊक होतं.

मित्रांनो, कळत नसेल तर विचारा, आणि विचारलंत तर उत्तर देणाऱ्याचं ऐका. दुसऱ्याचे शब्द हाताशी असताना घाई करू नका. त्या आईने लेखांतून मुलीला कितीतरी प्रश्न विचारले होते. तिची ती खरी प्रश्नचिन्हंही याच गर्दीत आहेत. ती कोणती, हे आता मलासुद्धा सांगता येत नाही.