लिंबावर काढलेलं माप

उद्या दसरा, उद्याच येलहंक्याच्या धावपट्टीवर मोटरसायकलींची शर्यत, आणि हंबीररावाची गाडी कॉटनपेठेतल्या अंगणात पोट उघडं टाकून उभी. जुना कॅमशाफ्ट काढून त्याने शर्यतीचा चढा कॅम बसवला होता. कॅम बदलला की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची लांबी बदलते, हे त्याला ठाऊक होतं. किती, तेच ठाऊक नव्हतं. लांबी चुकली की व्हॉल्व्ह दाबणारा वरचा रॉकर मधोमध न बसता व्हॉल्व्हच्या कडेवर आपटणार आणि भर वेगात इंजिनाचा चुराडा. मापासाठी त्याने आटे पाडलेले, फिरवून लांब-आखूड होणारे पुशरॉड घडवून आत बसवलेही होते.

पण आज खंडेनवमी. पाने, मापाचा व्हर्नियर, हातोड्या, सगळं झेंडूखाली देवीसमोर निजलेलं.

"आई, एक पाना दे. एकच."

"हात लावून तर बघ!" गोदूबाई कडाडली. "वर्षातनं एक दिवस हत्यार निजतं, तेवढंही बघवत नाही तुला?"

"शर्यतीच्या क्लबातले साहेब आज स्पॅनर फिरवतायत की! त्यांच्यावर नाही ती देवी कोपत? सगळे नियम आमच्याच बोडक्यावर!"

"साहेबांची आई नव्हे मी," असं म्हणत तिने कुंकवाचं ओलं बोट उचललं आणि उघड्या इंजिनात जे चकाकेल त्याला टिळे लावत सुटली. व्हॉल्व्हच्या शेंड्यांनाही.

"अगं, इंजिनात कुंकू!"

"मग तुझ्या कपाळाला लावू? चंपा, लिंबं ठेव चाकांखाली."

पूजा झाली की गाडी लिंबांवरून न्यायचीच. हंबीररावाने दात खात गिअर टाकला. इंजिन हलकं फिरावं म्हणून प्लग काढलेला होता. बायकोने, चंपाने, मागून रेटा दिला. लिंबं फुटली, चाकाबरोबर इंजिन फिरलं. चंपा वाकून बघू लागली.

"अहो, हे कुंकू मधे तसंच आहे. कडेलाच पुसलंय."

हंबीरराव झेपावला. रॉकर जिथे घासला तिथलंच कुंकू गेलं होतं! पार कडेला! म्हणजे लांबी किती चुकली ते हे कुंकूच दाखवत होतं!

"आई, लिंबू! आणखी लिंबू!"

"पूजा झाली की रे."

"झाली नाही! नीट झालीच नाही!"

गोदूबाईने मुलाकडे रोखून बघितलं. "हत्याराला हात?"

"नुसती बोटं!"

"बोटं काही देवीपुढे मांडलेली नाहीत. सरी, बरं, चालू दे."

मग काय! त्याने बोटांनीच पुशरॉड फिरवायचा, वरचा स्क्रू बोटांनीच सैलपणा जाईतो बसवायचा, गोदूबाईने ताजं कुंकू लावायचं, चंपाने रेटायचं. फच्! पुसलेल्या कुंकवाची रेघ आत सरकली. फच्! आणखी थोडी. घरातली लिंबं संपली तशी चंपा शेजारच्या गंगव्वाच्या झाडाला भिडली. अंगणभर आंबट चिखल, तिघांचे हात लालभडक, आणि शेवटी रेघ आली. बरोब्बर मधोमध!

"बसली!" हंबीरराव ओरडला आणि त्याने आईलाच उचललं.

दसऱ्याला उजाडताच गोदूबाईने पूजा उठवली. लिंबावर ठरलेली लांबी व्हर्नियरने घेतली, नवे पुशरॉड कापले, आणि दुपारी धावपट्टीवर ती गाडी अशी सुटली की क्लबातल्या साहेबांना तिचं मागचं चाकच तेवढं दिसलं. शेवटच्या फेरीतही इंजिन खणखणीत.

"कुठला मेकॅनिक?" एका साहेबाने कुंपणाशी विचारलं.

गोदूबाईने लाल तळवा त्याच्या नाकासमोर धरला.