एकोणपन्नास तास उशीर

ट्रक चालवणाऱ्या माणसाचं कौतुक बहुधा तो गेल्यावर होतं. माझं जिवंतपणीच ठरलं, म्हणून ते पत्र दोनदा वाचलं. पंचवीस वर्षांत एकही माल उशिरा पोचवला नाही म्हणून कंपनी मला ढाल देणार होती, आणि घरच्या दोघांसाठी पहिल्या रांगेत खुर्च्या राखून ठेवणार होती. घरचे दोघे कुठून आणू? माझ्या घरी एक कॉट, एक शेगडी आणि मी. बोलणारं म्हणाल तर गळका नळ, तो मात्र दिवसभर बोलतो.

लेक आहे. दुसऱ्या शहरात शाळेत शिकवते. वर्षातून चारदा फोन करते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का विचारते आणि ठेवून देते. औषधाच्या दुकानातला माणूसही माझ्याशी याहून जास्त बोलतो. एकवीस वर्षं हे असंच चाललंय, आणि ते एका कागदापायी.

आमच्या धंद्यात कागदाला भारी मान. माल उतरला की गोदामातला कारकून पावतीवर तारीख, वेळ घालून शिक्का मारतो. तिला पोच म्हणतात. पोच नसेल, तर तुम्ही माल डोक्यावरून वाहून नेला असला तरी नेलाच नाही. हे खूळ मी घरातही आणलं होतं. पोरगी लहानपणी म्हणायची, अभ्यास झाला. मी म्हणायचो, पोच दाखव. मग ती बाटलीचं झाकण शाईत बुडवून वहीच्या पानावर शिक्का मारून आणायची, आणि तिच्या आईची हसून पुरेवाट व्हायची.

मग तो मंगळवार आला. पोरगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सकाळी दहाला माल द्यायचा होता, गोदाम अर्ध्या तासावर राहिलं होतं, तेवढ्यात पेट्रोल पंपावरच्या माणसानं हात करून गाडी थांबवली. ऑफिसचा निरोप होता: बायको दवाखान्यात आहे, ताबडतोब निघा. मी भरल्या गाडीनिशी तिथूनच परत फिरलो. पाठीवर सोळा टन, आणि इंजिनाला कंपनीनं वेगाची वेसण घातलेली. पाय पार तळाला टेकवला तरी काटा साठच्या वर जाईना. आमच्या शहराच्या नाक्यावर आलो, तर दिवसा जड वाहनांना आत बंदी. गाडी तिथेच सोडली. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. ती पाचला गेली होती.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी तो माल गोदामात नेला. तिथल्या कारकुनाला आम्ही शिक्केदादा म्हणायचो. माझं तोंड बघून त्यानं काय झालं विचारलं, मी सांगितलं. मग त्यानं शिक्क्यावरची तारीख दोन दिवस मागे फिरवली, वेळ दहाची घातली आणि पोच माझ्या खिशात कोंबली. एवढ्या दुःखात वर उशिराचा डाग नको, म्हणाला. भल्या माणसानं उपकार केला, आणि त्या उपकारानं माझी पोरगी गेली.

आठवड्यानं कपडे धुताना तिला त्या पोचेची माझ्याकडची प्रत सापडली. मी परोपरीनं सांगितलं, की मी वाटेतूनच परत फिरलो, माल त्या दिवशी नेलाच नाही. तिनं पोच माझ्यापुढे धरली.

"कागदावर दहा वाजलेत, बाबा. तुम्ही आधी माल दिलात. अर्धा तास आधी आला असतात, तर आई भेटली असती."

शिक्केदादाला पुढे करावं, तर त्याची नोकरी जाणार. त्याच्या घरात खाणारी सहा तोंडं. आणि खरं सांगू? मलाही राग आला होता. बापाचा शब्द एकीकडे आणि शाईचा ठिपका एकीकडे, तर पोरीनं ठिपका निवडला. पण तसं निवडायला तिला शिकवलं कोणी?

तर ढालीचं पत्र आल्यावर आठवड्यानं ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. माझं मानपत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं, जुन्या फायली उपसून. वाचून दाखवू लागल्या. 'पत्नीचे निधन झाले त्या दिवशीही त्यांनी माल वेळेवर पोचवला.' हे वाक्य ऐकून सभागृहात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन उभा राहिलो. शिक्केदादा गेल्या वर्षी वारला होता, आता कोणाची नोकरी जायची नव्हती. म्हटलं, ते वाक्य खोटं आहे, गोदामाच्या फाटकावरची वही काढून बघा. त्या वहीत पहारेकरी आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ लिहितो, आणि पोचेशी ती कधी कोणी ताडून बघत नाही. साहेब वैतागले. दोन महिन्यांत निवृत्त व्हायचं आणि आता कशाला उकरून काढता, म्हणाले. पण मॅडम हट्टाच्या निघाल्या. चार दिवसांनी वाळवीनं कोपरे खाल्लेली वही घेऊन आल्या. माझ्या गाडीचा नंबर, गुरुवार, अकरा वाजता.

साहेब म्हणाले, आता ढाल दुसऱ्या नंबरच्या माणसाला जाणार. त्याला आम्ही घोडा म्हणतो. मी म्हटलं, जाऊ द्या.

"मग तुम्हाला हवंय तरी काय?" मॅडमनी विचारलं.

"मला उशीर झाला होता, एवढं लिहून द्या. आणि त्यावर शिक्का मारा."

त्यांनी कंपनीच्या कागदावर लिहून दिलं: सदर चालकाने माल एकोणपन्नास तास उशिरा पोचवला, सबब पुरस्कारास अपात्र. खाली सही, शिक्का. मी त्याच दिवशी ते पोस्टानं लेकीला पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

समारंभाला मी गेलो. मागच्या रांगेत बसलो. घोड्याची बायको, सून, नातवंडं अशी फौज आली होती, त्याला दोन खुर्च्या पुरेनात. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, असं काही म्हणणार नाही. घरी आलो, तर नळ बोलतच होता.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. तिच्या फोनचा महिना नव्हता.

"पोच मिळाली," ती म्हणाली. "मग ते दोन दिवस माल कुठे होता?"

"नाक्यावर. दिवसा ट्रक आत सोडत नाहीत."

"तिथून दवाखाना सात किलोमीटर आहे, बाबा."

"रिक्षा मिळेना. पळत आलो."

"तुम्ही घामानं निथळत होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, माल उतरवून आलात."

गोळ्या वेळेवर घेतो, असं काहीतरी मी म्हणालो. तिनं फोन ठेवला नाही.