पोरींच्या वाट्याची माती

घुर्र-घुम, घुर्र-घुम. स्वयंपाकघरात रवी फिरत होती आणि बाहेरच्या खोलीत विनोदिनी वडिलांकडे आखाडा मागत होती.

समोर तिचे बाबा, दत्तोपंत, पाटावर बसून काड्यांवरून कडुलिंबाचा पाला ओरबाडत होते. विनोदिनीची पाच वर्षांची लेक यामिनी आईच्या मांडीवर आडवी पडून त्यातली पानं एकेक करून आईच्या केसांत खोचत होती. नागपंचमी चार दिवसांवर आली होती. घरामागे दत्तोपंतांचा आखाडा. रायपूरच्या पुरानी बस्तीत कोणालाही विचारा, आधी वाट दाखवेल आणि मग आपण तिथं कितीदा आपटलो ते सांगेल. दरवर्षी पंचमीच्या आधी आखाड्यातली वीतभर माती काढून तळ्यात शिरवायची, म्हणजे विसर्जित करायची, आणि नवीन माती भरायची, अशी रीत. नव्या मातीत लिंबाचा पाला, हळद, तेल आणि ताक. ते ताक आत विनोदिनीची आई, इंदूबाई, घुसळत होत्या.

"सकाळचा एक तास, बाबा," विनोदिनी परत म्हणाली. "साडेसहा ते साडेसात. तवा आखाडा रिकामाच असते. माझ्या शाळेतल्या सहाच पोट्ट्या आहेत."

"रिकामा नसते. तवा हनुमान असते."

"मग त्याच्या समोर खेळतील."

"विनू, बाईमाणसानं त्या मातीत पाय नाही टाकायचा. माझ्या आज्यापासून हे आहे. तुले म्या कवा जाऊ देलं होतं का?"

नव्हतं जाऊ दिलं. लहानपणी ती आखाड्याच्या उंबऱ्याशी उकिडवी बसायची आणि पाहायची. ढाक, टांग, दुहेरी पट, सगळे डाव तिला डोळ्यांनी पाठ होते. पण आजवर तिनं स्वतः एकही कुस्ती केली नव्हती. कॉलेजात कबड्डी खेळली, नागपूरला व्यायामशिक्षणाची पदवी घेतली, आणि लग्नानंतर शंकर नगरातल्या एका मुलींच्या शाळेत पीटीची मॅडम झाली.

राज्य नवं होऊन दोन वर्षं होत आली होती. रायपूर राजधानी झालं आणि शहरातली प्रत्येक वस्तू 'राज्यस्तरीय' होऊन बसली. त्या लाटेतच शाळांना एक परिपत्रक आलं. शालेय कुस्तीची राज्य निवड, या वर्षीपासून मुलींचीही. बाकीच्या शाळांनी ते वाचून ड्रॉवरमध्ये घातलं. विनोदिनीनं मात्र सहा नावं लिहून पाठवली आणि मग विचार केला, आता यांना शिकवायचं कुठं?

शाळेचं मैदान मुरमाचं. त्यावर तिनं जिम्नॅस्टिकच्या तीन गाद्या दोरीनं बांधून अंथरल्या. दुसऱ्याच दिवशी गाद्या सरकल्या आणि फुलेश्वरीची हनुवटी मुरमावर आपटून तीन टाके पडले. फुलेश्वरी अभनपूरची, शाळेसाठी मामाकडे राहणारी पोर. रडली नाही, "मैडम, मोला फेर खेलन दे," एवढंच म्हणाली. पण मुख्याध्यापिका क्षमादीदींनी विनोदिनीला बोलावून घेतलं. "और एक टाँका लगा, तो कुश्ती बंद. खो-खो खिलाओ."

हे सगळं तिनं बाबांना सांगून झालं होतं. त्यांनी पाला ओरबाडला, हात झटकले आणि म्हणाले, "खो-खो चांगलाच खेळ आहे."

आतली रवी थांबली. इंदूबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"पस्तीस वर्षं झाली, माझ्या हातचं ताक त्या मातीत जाते," त्या म्हणाल्या. "हळद मी कुटतो. पाला मी धुतो. तवा नाही बाटत काय तुमची माती? का ताकाले पाय नसतात म्हणून चालते?"

यामिनी खो-खो हसली. ताकाचे पाय तिला दिसले असावेत. दत्तोपंतांनी पाल्याची टोपली उचलली आणि मागच्या दारानं निघून गेले. विनोदिनीनं केसांतली पानं काढली, लेकीला स्कूटीवर पुढं उभं केलं आणि घरी निघाली. रस्ताभर यामिनीच बोलत होती. गाईचं ताक आणि म्हशीचं ताक यांची पळायची शर्यत लागली तर कोण जिंकेल, असं काहीतरी.

तिसऱ्या दिवशी, दुसरा तास चालू असताना, शाळेचा शिपाई भैय्यालाल धापा टाकत वर्गाच्या दारात आला.

"मैडम, गेट पर मिट्टी आई है."

"कसली माती?"

"हल्दी वाली. सब्जी जैसी महक रही है."

गेटवर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. ट्रॉलीत तेलानं काळपट झालेली, भुसभुशीत माती आणि तिच्यावर राजासारखे बसलेले आखाड्याचे दोन पहेलवान. त्यातला मारोती खाली उडी मारून आला. लहानपणी विनोदिनीनं याच्या नाकाचं रक्त कितीदा पुसलं होतं.

"दीदी, उस्तादांनी पाठवली. जुनी माती. तळ्यात शिरवाची होती, पण उस्ताद म्हणते तळं लय भरून राहिलं. कुठं फेकू?"

"तळं भरलंय?"

"मले काय मालूम? उस्ताद म्हणते तं भरलं असन." मारोती दात काढत होता. "अन् सांगतलं, आखाड्यातून निघाली का ते आखाड्याची माती नाही राहत. मंग तिच्यात कोण पाय टाकते, कोण डोकं टाकते, उस्तादाले त्याचं काही नाही."

विनोदिनी हसायला लागली. तिनं ओंजळभर माती उचलून नाकाशी नेली. बाबांच्या अंगाला यायचा तोच वास. मग तिनं पदर खोचला आणि सहाही पोरींना वर्गातून हाक मारली. भैय्यालालनं बागेतली कुदळ दिली. संध्याकाळपर्यंत मैदानातल्या वडाच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर खोल, सहा पावलं लांब, सहा पावलं रुंद असा हौद तयार झाला. पोरी नखशिखान्त पिवळ्या. क्षमादीदी व्हरांड्यातून चष्मा सावरत पाहत होत्या. "इतनी हल्दी तो मेरी शादी में नहीं लगी थी," एवढं बोलून आत गेल्या.

पंचमी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला दत्तोपंत गेटवर हजर. हातात छत्री, डोक्याला टोपी.

"शिकवाले नाही आलो," ते आधीच म्हणाले. "पोट्ट्या मातीचा नास तं नाही करून राहिल्या, ते पाहाले आलो."

भैय्यालालनं स्टूल आणून दिलं. हौदापासून दहा पावलं दूर, तोंड अर्धं दुसरीकडे करून ते बसले. पाच मिनिटं बसले. मग त्यांची छत्री हलायला लागली. फुलेश्वरी पट काढायला, म्हणजे समोरचीचे पाय धरायला, वाकत होती आणि दर वेळी मान खाली घालत होती. छत्री जमिनीवर आपटली. एकदा, दोनदा.

"यामिनी!" ते ओरडले. "इकडं ये. त्या टाक्याच्या पोट्टीले जाऊन सांग, मान वर. डोळे सामनेवालीच्या छातीवर."

यामिनी तुरुतुरु पळाली. "दीदी, आबा बोल रहे हैं मान वर! आणि डोळे छातीवर! आणि मी सांगते, घाई कर!"

"घाई म्या नाही सांगतली!"

"ते माझं आहे, आबा."

त्या दिवसापासून ही डाक सुरू झाली. दत्तोपंत मुलींना शिकवत नव्हते. ते नातीशी बोलत होते. नात पळत होती. "मंदाकिनीले सांग, पायात पाय असा नाही, असा." मग 'असा' दाखवायला म्हातारा स्टुलावरून उठायचा, छत्रीच्या पायात स्वतःचा पाय अडकवायचा आणि छत्रीला चीत करायचा. यामिनी तसंच्या तसं भैय्यालालला करून दाखवायची. विनोदिनी हौदात उभी राहून, हसू दाबत, पोरींकडून घोटून घ्यायची. तिनं डोळ्यांनी जमवलेले डाव आता सहा अंगांत उतरत होते. घरी गेल्यावर बाबा पाय शेकत बसायचे आणि इंदूबाई विचारायच्या, "मातीचा नास झाला काय?" "अजून नाही झाला. उद्या पाहाले लागन."

ऑक्टोबरात निवड होती. मोठ्या हॉलमध्ये खरीखुरी मॅट, निळी, मऊ. पोरींनी आधी बोटांनी दाबून पाहिली. मुलींच्या गटांत चारच शाळा आल्या होत्या. सहापैकी चौघी पहिल्याच फेरीत हरल्या. मंदाकिनी जिंकली आणि इतकी घाबरली की पंचांनाच नमस्कार करून पळाली. शेवटी उरली फुलेश्वरी, त्रेचाळीस किलोच्या गटाची अंतिम कुस्ती. समोर दुर्गची मुलगी, उंच, हातात घोरपडीसारखी पकड.

क्षमादीदी पहिल्या रांगेत होत्या. सकाळीच त्या विनोदिनीला म्हणाल्या होत्या, "एक भी जीत के आई राज्य की टीम में, तो अगले साल का पीरियड पक्का. वरना समझ लो." मंदाकिनीला पुढं तगडी मुलगी भेटली आणि तीही गेली होती. आता हीच एक.

दत्तोपंत वर प्रेक्षकांत, मांडीवर नात.

फुलेश्वरी दोन गुणांनी मागे पडली. मग एक मिळवला. घड्याळात अर्धं मिनिट राहिलं. दुर्गच्या मुलीनं तिचा हात काखेत दाबून तिला कडेकडे रेटायला सुरुवात केली, आणि विनोदिनीला वरून ओळखीचा आवाज आला. "यामिनी, पळ! जा, सांग तिले..." यामिनी पायऱ्या उतरायला लागली. पायऱ्या मोठ्या, पाय लहान. एक उतरली. दोन उतरल्या. तिसरीवर तिचा फ्रॉक खुर्चीला अडकला.

म्हातारा उभा राहिला. छत्री खाली पडली.

"फुलेश्वरी!" अख्खा हॉल वळला. "हात सोडवू नको! तिले येऊ दे अंगावर! ढाक मार, बेटा, ढाक!"

फुलेश्वरीनं हात सोडवायची धडपड थांबवली. समोरची अंगावर आली, तशी ती वळली, कमरेवर घेतली आणि बस. निळ्या मॅटवर दुर्गच्या मुलीचे दोन्ही खांदे. शिट्टी वाजली तरी क्षणभर फुलेश्वरी तशीच तिच्यावर पडून राहिली, जणू उठली तर खोटं ठरेल.

मग काय झालं ते विनोदिनीला नीट आठवत नाही. कोणीतरी तिला उचललं, तिनं कोणाला तरी उचललं, क्षमादीदी शिट्टी नसताना शिट्टी वाजवल्यासारख्या ओरडत होत्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर यामिनी भोकाड पसरून रडत होती, कारण तिची डाक पोचलीच नव्हती. दत्तोपंत तिचा फ्रॉक सोडवत होते.

"बाबा," विनोदिनी वर गेली, "तुम्ही तिचं नाव घेतलं."

"काहून? मी यामिनीले सांगून राहिलो होतो," ते म्हणाले. "आवाज जरा मोठा झाला."

पुढच्या वर्षी परिपत्रक आलं तेव्हा ते ड्रॉवरमध्ये गेलं नाही. अकरा शाळांनी नावं दिली, दोन तर अभनपूरच्या. तिथले पीटीचे सर हौद कसा खणायचा ते विचारायला आले आणि जाताना घमेलंभर माती विरजणासारखी मागून घेऊन गेले. दत्तोपंतांच्या आखाड्यातला नियम जिथल्या तिथं होता. मुलींच्या शाळांना पुरावी म्हणून त्यांनी या पंचमीला वीतभराऐवजी हातभर माती काढली, एवढंच. मारोती म्हणाला, आता आखाड्यात उतरायला शिडी लागेल.

त्या वर्षीची वजनं विनोदिनीच्याच शाळेत झाली. भैय्यालालनं रेशन दुकानातून काटा आणला. व्हरांड्याभर पोरींची रांग, बहुतेक जणी पोट आत ओढून उभ्या. टेबलाशी दत्तोपंत चष्मा लावून वहीत गट लिहीत होते. तोंड आता अर्धं वळवलेलं नव्हतं. "पुढची. नाव मोठ्यानं सांग, पहेलवान आहे का कोण आहे तू?" फुलेश्वरी मोठ्या ताईच्या थाटात एकेकीला काट्यावर चढवत होती. विनोदिनी आकडे वाचत होती. श्रावणातलं ऊन पडलं होतं आणि कोणत्या पोरीच्या वेणीत काय अडकलं म्हणून रांगेच्या शेवटी खिदळणं चाललं होतं.

सगळ्यांत शेवटी यामिनी काट्यावर चढली.

"सतरा," विनोदिनी म्हणाली.

"हिचा गट अजून निघाला नाही," आबा म्हणाले. "दोन वर्षं भात खा, मंग ये."

यामिनीनं खालचा ओठ पुढं काढला. मग काट्यावरून उतरून, टेबलाला लोंबकळून वहीत डोकावली. "फुलदीदीचा कोणता गट?"

"औंदा सेहेचाळीस."

"मंदादीदीचा?"

"अडतीस."

"आणि आईचा?"

दत्तोपंतांचा पेन वहीवर थांबला. ते वर पाहीनात. विनोदिनी काट्याचा काटा शून्यावर आणत होती. तो आधीच शून्यावर होता.

"आबांना आठवत नाही वाटतं." यामिनी टेबल सोडून आईचा पदर ओढू लागली. "तूच बता ना, आई. तू कोणत्या गटात होती?"