फरशीखाली जाण्याआधी

मित्रांनो, यापुढे तुम्ही माझ्यावरून चालाल, पण मी तुम्हाला दिसणार नाही. मी एका स्वयंपाकघराची जुनी लाकडी जमीन आहे. वर माझ्या फळ्या, आणि त्यांना खालून धरणाऱ्या तुळया. लवकरच माझ्यावर फरशी बसेल.

नवी होते तेव्हा मला तेल लावत, आणि शेजारी मला पाहायला येत. पुढे सिंकजवळ पाणी मुरलं, खिळे सैल झाले आणि मी पावलागणिक कुरकुरू लागले. या घरातली आई फरशी बसवायचंच काम करायची. लोकांच्या कितीतरी खोल्या तिने चकचकीत केल्या. स्वतःच्या घरात मात्र मीच. तिची बहीण हसून म्हणायची, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अखेर एका सुट्टीच्या दिवशी आईने माझं काम हाती घेतलं. लाकूड लवतं, पण फरशी लवत नाही, ती तडकते. म्हणून आधी मला घट्ट करायला हवं होतं. तिने वर आलेले खिळे उपटले, सिंकजवळच्या कुजक्या फळ्या बदलल्या. मग मुलीला माझ्यावरून चालायला लावलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून फळीवर तळवा टेकवला. जिथे हाताला हालचाल लागे, तिथे खडूची फुली. त्या जागी नंतर स्क्रू बसणार होते.

मुलगी हातात चहाचा कप घेऊन चालत होती. या वयात कशाला हे, कोणालातरी बोलाव ना, असं तिने चालता चालता सुचवलं.

“तू आपली उभ्याने सूचना देत राहा, महाराणी,” आई म्हणाली. “तेवढ्याने माझे गुडघे बरे होतात.”

दोघी हसल्या. उरलेलं पुढच्या सुट्टीला करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी कोणा परक्याच्या घरी फरशी बसवतानाच आई कोसळली. तिला आणून माझ्यावर ठेवलं. तिचं वजन मला ठाऊक होतं. ते पावलांतून यायचं, गुडघ्यांतून यायचं. त्या दिवशी ते सगळं एकदम आडवं आलं, आणि हललं नाही. माणसं येत राहिली. त्यांच्या पायांखाली खडूच्या फुल्या पुसून गेल्या.

पुढे मावशी म्हणाली की वरून एखादं जाजम अंथर आणि विसर. मुलीने ऐकलं नाही. आईने हाती घेतलेलं काम असं अर्धवट झाकलेलं तिला चालणार नव्हतं. पण सैल जागा आता पुन्हा शोधायला हव्या होत्या. तिने मावशीला चालायला सांगितलं आणि स्वतः खाली बसली.

तोवर मला तिचे फक्त तळपाय माहीत होते. तळवा पहिल्यांदाच लागला. थोड्याच वेळात ती एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर टाकू लागली, तरी उठली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी वाकून काम करत असेल, तर उभ्याने सल्ले देऊ नका. शेजारी जाऊन बसा. माझी एवढीच विनंती आहे.

मावशी थांबली. सापडलं का काही, असं तिने विचारलं. मुलीने वर पाहिलं नाही. हात तसाच ठेवून ती हळू, पण स्पष्ट म्हणाली,

“आई, तू ऊठ आता. उरलेलं मी करते.”